परत आलेली कॅसेट

छगन नामांकित गायकांच्या अख्ख्या कॅसेटी हुबेहूब त्यांच्याच आवाजात गायचा. जळगावच्या बाजारात त्या हातोहात खपायच्या. गळा असा, की खुद्द त्या गायकानेही फसावं.

तो गेल्यावर कॅसेटवाला नूर महंमद टेप घेऊन घरी आला. छगनच्या आईला, भिकुबाईला, त्याने एकेक कॅसेट ऐकवली.

"हाऊ ते त्या गायकना आवाज शे, भाऊ. येनामा मना छगन कोठे शे?"

मग नूर महंमदने पिशवीच्या तळातून गिऱ्हाइकाने खराब म्हणून परत केलेली कॅसेट काढली. तिच्यात दोन गाण्यांच्या मध्ये छगनचा खोकला तसाच राहून गेला होता.



तो ऐकला आणि भिकुबाई नेहमीसारखी पाण्याचा तांब्या भरायला उठली.