उसना ठणका

हातमोजा काढून ठेवला तरी यामिनीताईंचा उजवा खांदा ठणकतच होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री सरीसृपांच्या हाडांतलं दुखणं त्या मोज्यातून अंगात उतरायचं, आणि ते सोसून आजार ओळखणं ही त्यांची नोकरी होती. डोळ्यांनी आधीच अंदाज बांधू नये म्हणून हाडं कापडाखाली झाकलेली असत.

"खांदा पार सडलाय रे याचा," त्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला, फैयाजला म्हणाल्या. "पोहत कसा असेल बिचारा?"

"मागच्या आठवड्यातल्या दोघांचाही तुम्ही खांदाच सांगितलात, ताई."

"मग साथ आली असेल त्यांच्यात. लिहून टाक."

फैयाजने काही लिहिलं नाही. त्याने कापड बाजूला केलं. खाली नुसते शेपटीचे मणके होते, आणि त्यांच्यावरची चाव्याची जुनी जखमही तो प्राणी जिवंत असतानाच भरून आली होती.

यामिनीताईंनी डाव्या हाताने पहिल्यांदाच स्वतःचा खांदा चाचपला.

"महिनाभर खांदा माझाच दुखतोय," त्या म्हणाल्या, "आणि जीव तुटतोय तो या दगडांसाठी."