मागच्या बाकाची हजेरी

आईचं पातळ नेसून नववीतली चतुरा आज हेडबाई झाली होती. शिक्षक दिन होता, अठ्ठ्याहत्तर सालचा. आज पोरं शिकवणार अन् सर बाकावर बसणार. नागरिकशास्त्राचे दिनकरराव सर हसत हसत मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्या बाकावर महिनाभर कोणी बसलं नव्हतं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं, त्यावरून पेटलं, गावाबाहेरची वस्ती जळाली अन् त्या बाकावरची चार पोरं आईबापासंगं कुठं गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत तरी होते.

सरांनी टेबलावर हजेरीपट अन् लाल पेन ठेवला होता. "महिनाभर गैरहजर म्हंजे नाव कमी. नियम हाय. आज सगळा अधिकार तुझा, हेडबाई. चार रेघा मारायच्या, बस्स! पुढारपण असंच शिकायचं असतंय."

वा रे वा! स्वतःचा हात धजेना, ते पोरीच्या हातानं उरकायचं. त्या चौघांतली केवळा चतुराची जिवाची मैत्रीण. नाव कटलं की तिला शाळेचं दार बंद.

"आधी हजेरी घेते," चतुरा म्हणाली.

एकेक नाव होत गेलं. मग तिनं जीव मुठीत धरून पुकारलं, "केवळा."

"हजर, बाई."

आवाज मागच्या बाकावरून आला. सगळ्यांनी ऐकला. पोरं माना खाली घालून बसली. सरांनी शेजारी बघितलं, कोणी नव्हतं. तरी ते जरा सरकले.

"अंगद."

"हजर, बाई."

सर आणखी सरकले. वर्गात जळक्या कुडाचा वास आला.

सटवाजी हजर. कासा हजर. सर सरकत सरकत बाकाच्या टोकाला आले अन् मग उठलेच. शिक्षा झालेल्या पोरागत हात बांधून उभे राहिले.

चतुरानं लाल पेनाला टोपण लावलं, आपला निळा पेन काढला अन् चौघांची हजेरी मांडली.

"बसू का, बाई?" सरांनी विचारलं.

चतुरानं मागचा बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"कुठं बसता, सर?"