टेम्पोची खोड

"दादा, आता तरी दे ना चावी," धाकटा रोज मागे लागायचा. "आधी गाडीची खोड कळू दे," म्हणत टेम्पोवाला ते हसण्यावारी न्यायचा. खोडही तशीच होती. क्लच दोनदा दाबून दांडा जरा वर उचलल्याशिवाय पहिला गिअर पडतच नसे. भल्याभल्या ड्रायव्हरांनी तिथं हात टेकले होते. मेख ठाऊक होती ती दोघा भावांनाच; धाकट्याने ती शेजारी बसून कधीच हेरली होती.

आज भर दुपारी तोंड बांधलेल्या दोघांनी टेम्पोवाल्याच्या गळ्याला सुरा लावला आणि त्याला उभ्या टेम्पोतून रस्त्यावर ढकलून दिलं. कोपर सोलवटलं, तरी तो मनात म्हणाला, 'न्या की खुशाल! जागची हलवून तर दाखवा.'



स्टेअरिंगवर बसलेल्याने क्लच दोनदा दाबला आणि दांडा अलगद वर उचलला.