बापाचा डोळा

डॉक्टरांनी दोन बोटं वर केली. आकारामला ती दिसली नाहीत. एक डोळा साखरेच्या आजारानं आधीच गेला होता. उरलेल्या डोळ्यात आता आतल्या पडद्यासमोर रक्त साचलं होतं. शेजारी त्याची बायको सुलाबाई बसली होती. दोघं असे शेजारी बसल्याला अठरा वर्षं झाली होती.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक, थांबायचं. उशी उंच घेऊन झोपायचं, वाकायचं नाही. रक्त हळूहळू निवळेल, मग लेसर करू. तीन-चार महिने जातील, पण धोका कमी. दुसरा, ऑपरेशन. रक्त काढून टाकतो. जमलं तर महिन्यात दिसेल. बिघडलं तर हाही डोळा गेला."

"थांबूया की," आकाराम घाईनं म्हणाला. पलटणीत पंधरा वर्षं काढलेला गडी, पण डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

"अंकिताचं लगीन दीड म्हैन्यावर आलंय," सुलाबाई म्हणाली. "बापाला दिसाया नगं? आपरेशनच करा, डाक्टर."

आकाराम विरघळला. पेन्शनीत आल्यावर त्यानं सांगलीत दुसरी बाई ठेवली, तेव्हा अंकिता दोन वर्षांची होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नजर गेली तशी त्या बाईनं त्याला त्याच्या गावच्या, कोरेगावच्या एस.टी.त बसवून दिलं. सुलाबाईनं दार उघडलं, ताट वाढलं. गाव म्हणालं, बाई म्हणजे देवमाणूस. कसली देवमाणूस! अठरा वर्षं तिनं लोकांच्या रानात खुरपं चालवलं ते पोटातल्या आगीवर. ती आग तसूभर विझली नव्हती.

डॉक्टरांनी बोट धरून जागा दाखवली, तिथं आकारामनं सही केली.

ऑपरेशन साधलं. सुलाबाईनं महिनाभर औषधाचा एक थेंब चुकवला नाही. एका सकाळी त्याला खिडकीचे गज दिसले, मग तिचं तोंड.

"लय थकलीस गं," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

लग्नात आकारामनं फेटा बांधला. पोरीचा हात जावयाच्या हातात द्यायचा म्हणून सकाळपासून तो उपाशी होता. भटजींनी कन्यादानाला हाक मारली. तो लगबगीनं उठला, बोहल्याजवळ गेला आणि थबकला. सुलाबाईचा भाऊ नाथाजी आणि त्याची बायको आधीच पाटावर बसले होते. अंकिताला शाळेत घातलं ते नाथाजीनं, तापात खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळाला तोही नाथाजीच.

"अगं, बाप मी हाय," आकाराम पुटपुटला. सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता, आणि ते त्याला लख्ख दिसत होतं.

सुलाबाईनं त्याचा दंड धरला आणि त्याला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

"तुमी हितं बसा," ती म्हणाली. "पावण्यांनी नुसतं बघायचं असतंय."