घुम्या

"नुसत्या आवाजावर रस्ता अडत नाही, सिस्टर," अभियंता म्हणाला. "आज वनाधिकारी येताहेत. 'मी पक्षी पाहिला' असं छातीवर हात ठेवून सांगणारं कुणी असेल तर ठीक. नाहीतर उद्या भराव सुरू."

"मी सांगेन," सिस्टर म्हणाल्या आणि दुर्बीण गळ्यात अडकवून पाणथळीकडे निघाल्या.

दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गावाबाहेरची पाणथळ बुजवून रस्ता करायचा घाट घातला गेला, तेव्हा विरोधात त्या एकट्याच उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. हरणार हे दिसतच होतं, तोच लव्हाळ्यातून आवाज येऊ लागला. घुम्म... घुम्म... रिकाम्या माठात कुणी फुंकर घालावी तसा. घुम्या! पिढ्यान्‌पिढ्या न दिसलेलं पाखरू. काम थांबलं. पक्षीप्रेमी कॅमेरे रोखून बसले. आवाज सगळ्यांनी ऐकला, पीसही कुणाच्या दृष्टीस पडलं नाही.

नवरा मात्र थंड. बस डेपोतला जुना मेकॅनिक, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. "एका पाखरापायी किती धावशील?" एवढंच म्हणे आणि बसलेल्या घशासाठी गुळण्या करत राही. सिस्टरना ते फार लागे. जग गेलं उडत; घरचं माणूस तरी आपल्या बाजूने हवं ना?

आज त्या वाट सोडून थेट चिखलात शिरल्या. गुडघाभर पाणी, हातांवर लव्हाळ्याचे ओरखडे. पण मागे फिरतील तर त्या सिस्टर कसल्या!

घुम्म... अगदी समोरून.

श्वास रोखून त्यांनी दुर्बीण लावली. वाऱ्याने पाती बाजूला झाली आणि तो दिसला. स्वच्छ, नखशिखांत. मान ताठ, छाती फुगलेली, डोळे मिटलेले. सिस्टरांचे डोळे भरून आले. चाहूल लागू न देता त्या माघारी वळल्या.

बांधावर अधिकारी थांबले होते. अभियंता हसला. "काय, दिसला का घुम्या?"

"दिसला. मन भरेपर्यंत पाहिला."

"खात्रीने?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी नजर चुकत नाही, साहेब. म्हणाल तिथे शपथेवर सांगेन."

अभियंता चडफडला. "एकटाच असेल. आज आहे, उद्या उडून जाईल."

"तेही खरं," अधिकारी म्हणाले. "जोडी असेल तर मात्र ही जागा कायमची राखीव होईल."

"जोडी आहे," सिस्टर ताडकन म्हणाल्या. "उद्या या. दोघांचाही आवाज ऐकवते."

घरी नवरा नेहमीसारखा गुळण्या करत उभा होता. सिस्टरनी त्याच्या पुढ्यात कोरडा टॉवेल टाकला.

"आधी ते चिखलाचे पाय पुसा. आणि उद्या मलाही बरोबर न्या, मादीचा आवाज मी काढते."