चाकं अधांतरी

"काकू, चार खांबांची लिफ्ट घ्या. गाडीची चाकं फळीवर निवांत टेकतात," लिफ्ट बसवायला आलेला बसवराज तिसऱ्यांदा म्हणाला.

"दोन खांबांचीच बसव. पोटाखालून उचलणारी," इंदूताई म्हणाल्या. "चाकं लोंबकळली पाहिजेत."

पंधरा वर्षं भरली की गाडी ठरल्या दिवशी आपणहून भंगाराला निघून जाते, हे बसवराजलाही ठाऊक होतं. त्याने गॅरेजची जमीन फोडून नवं काँक्रीट भरलं आणि ते मुरल्यावर खांब आवळले.

"त्यापेक्षा नवी गाडी घ्यायची."

"नवीला स्टिअरिंग नाही. शिवाय दार उघडण्याआधी ती माझ्या मुलाची परवानगी मागते. विसाव्या वर्षी मी वडिलांना न विचारता गाडी शिकले. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोराला विचारू होय?"

सोमवारी सकाळी दहाला गाडी आपोआप सुरू झाली. दिवे लागले आणि चाकं हवेत गरगरू लागली. इंदूताई समोर खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या. तासाभरात न निघालेल्या गाडीला थेट पुढच्या वर्षीची तारीख मिळते, हे त्यांनी नियमांतून शोधून काढलं होतं.

अकराला चाकं थांबली. बसवराजने गाडी खाली घेतली.

"आणि पुढच्या वर्षी, काकू?"

"तुझ्या लिफ्टची हमी किती वर्षांची?"

"दहा."

"पुरेल," म्हणत इंदूताईंनी गाडी स्वतः फाटकाबाहेर काढली.