डाव्या हाताचा महिना

खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस सकाळी सातला मैदानात शिरताना दिसला, तेव्हाच खेळाचे भीमराज सर धास्तावले. आलेला माणूस म्हणजे सुकन्याचे वडील, मसाजीमामा. औंढ्याच्या त्या लहानशा कॉलेजात मुलीचा बाप दोनदाच यायचा, नाव घालायला आणि नाव काढायला. सुकन्याचं नाव घालून दीड वर्ष झालं होतं.

आणि यायची वेळ तरी कशी साधावी? सुकन्याचा उजवा हात ओढणीनं पाठीशी बांधलेला होता आणि ती डाव्या हातानं मुरमावर चेंडू आपटत बास्केटबॉलच्या खांबाकडं पळत होती.

"पोरीचा हात काहून बांधला, सर?" मामांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून सर जास्तच घाबरले.

डावा हात तयार व्हावा म्हणून, असं सर म्हणाले. महिनाभर जेवण सोडून सगळी कामं डाव्या हातानं करायची, असं त्यांनीच संघातल्या पोरींना सांगितलं होतं. लिहिणं, झाडणं, काय हवं ते.

मामांनी मान हलवली आणि काल घरी काय झालं ते सांगितलं. डोंगरकड्याहून पाहुणे आले होते, सुकन्याला पाहायला. घर चांगलं, दीडशे मेंढरं, आणि नवा जिल्हा झाल्यानं जागा निघणार, म्हणून मुलाला मास्तरकीची आशा. पोरीनं चहा आणला आणि मुलाच्या आजोबांपुढं कप धरला तो डाव्या हातानं. म्हाताऱ्यानं कप घेतलाच नाही. मग कुणीतरी नाव लिहून दाखवायला सांगितलं, तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या पोरीनं डाव्या हातानं पहिलीतल्या लेकरासारखं नाव गिरवलं. पाहुणे अर्धे पोहे तसेच ठेवून उठले. दिवस मावळेपर्यंत गावभर झालं, की मसाजीची पोरगी उजव्या हातानं अधू आहे. तिला विचारलं तर एवढंच म्हणाली, सरांनी सांगितलंय, आणि संध्याकाळच्या एसटीनं होस्टेलवर परत आली.

सरांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्या घरात. त्यांनी सुकन्याला हाक मारली.

"अगं, पाहुण्यांपुढं तरी उजवा हात वापरायचा."

सुकन्या पायाच्या अंगठ्यानं मुरूम उकरत राहिली. मग म्हणाली, "तुमीच म्हणला व्हता ना सर, एक दिवस खाडा झाला तर पुन्हा एकपसून मोजायचं. मंग नांदेडच्या सामन्यांआधी महिना भरला नसता."

म्हणाले होते खरे. मास्तर मंडळी म्हणतात तसं, जाता जाता. बारा पोरींपैकी अकराजणींनी तो महिना आठवडाभरात गुंडाळून ठेवला होता आणि सरांनीही डोळेझाक केली होती. आता त्यांना सुकन्याला रागवायचं होतं, पण ते मामांकडंच वळले.

चूक माझी, असं त्यांनी मामांना सांगितलं. आज दुपारच्याच एसटीनं डोंगरकड्याला जातो, म्हाताऱ्या आजोबांचे पाय धरतो, असंही म्हणाले. फक्त पोरीला नेऊ नका, हे काही तोंडातून निघेना. आठ दिवसांसाठी नेतो म्हणून नेलेल्या तीन पोरी त्यांनी पाहिल्या होत्या. तिघींच्याही लग्नाच्या पत्रिका तेवढ्या आल्या.

"पण उजवा चांगला असून डावा कशाला पायजे?" मामांनी विचारलं.

सरांनी गेल्या वर्षीची हकीकत सांगितली. नांदेडला विद्यापीठाच्या स्पर्धेत उजवीकडून सुकन्या कुणाला आवरत नव्हती. दोन सामन्यांत ते सगळ्यांना कळलं. तिसऱ्या सामन्यात दोन पोरी तिच्या उजव्या अंगाला चिकटून उभ्या राहिल्या आणि हिला पुढं जायला वाटच उरली नाही. संघ हरला. परत येताना ती एसटीच्या खिडकीकडं तोंड करून थेट वसमतपर्यंत रडत होती.

"घरी न्हाई बोलली," मामा म्हणाले. मग सरांकडं न बघताच म्हणाले, "मेंढराला एकच वाट ठाऊक असली, की लांडगा बराबर तिथंच बसून ऱ्हातो."

"व्हय मामा," सर म्हणाले. इतकं नीट त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

मामा घोंगडं खाली टाकून त्यावर टेकले. काय शिकली ते दाखव म्हणाले. सुकन्या गेली. डावीकडून वळली, दोन ढांगा टाकून उडाली, आणि चेंडू खांबावरच्या लोखंडी कडीवर आपटून बाहेर आला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. सरांना तिसऱ्यांदा बघवेना, ते मामांच्या तोंडाकडंच बघत राहिले. कडीला जाळी नव्हती, त्यामुळं चेंडू आतून गेला का बाहेरून, हे नवख्या माणसाला उमजायचं नाही.

"गेला का?" मामांनी विचारलं.

सरांनी सुकन्याकडं पाहिलं. ती हसत होती. "गेला," ते म्हणाले.

डोक्याचं पागोटं काढून मामांनी घाम पुसला. पहाटे तीनला निघून पाच कोस चालत आले होते. ते बघून सुकन्या मैदानाकडेच्या माठाकडं धावली, तांब्या भरून घेऊन आली आणि बापापुढं येताच थबकली. तांब्या डाव्या हातात होता. तिचा चेहरा उतरला. ती खांदा हिसडून पाठीमागची गाठ सैल करू लागली आणि पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

"ऱ्हाऊ दे, सोडू नको," मसाजीमामा म्हणाले. "पुन्हा एकपसून मोजावं लागंल."

आणि त्यांनी तिच्या डाव्या हातातला तांब्या दोन्ही हातांनी घेतला.